ऑस्टिओपॉन्टिन: हाडात, दुधात, मुतखड्यात आणि गाठीतही

आईच्या एक लिटर दुधात ऑस्टिओपॉन्टिन नावाचे प्रथिन सरासरी १३८ मिलिग्रॅम असते. गाईच्या दुधात ते सुमारे १८ मिलिग्रॅम आणि डब्यातल्या शिशुदुधात जेमतेम ९. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले हे आकडे वाचले की वाटते, बाळासाठी निसर्गाने मुद्दाम राखून ठेवलेली ही चीज असणार. पण हेच प्रथिन स्तनाच्या, फुप्फुसाच्या, यकृताच्या कर्करोगात रुग्णांच्या रक्तात वाढलेले सापडते. संधिवाताने सुजलेल्या सांध्यात ते असते, मुतखड्याच्या पोटात असते, चरबी साचलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतही असते. मग ते शरीरात वाढवायचे, की कमी करायचे?

सध्या तरी दोन्हींपैकी काही करण्याची गरज नाही, आणि ते करण्याचे साधनही कोणाच्या हाती नाही. तरीही या प्रथिनाची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे. मुतखडा, ठिसूळ हाडे, तान्ह्याचे दूध, कर्करोगाच्या रक्तचाचण्या हे घरोघरचे प्रश्न आहेत आणि या प्रत्येकात ते कुठे ना कुठे डोकावते. ‘रक्तातल्या एका प्रथिनावरून कर्करोग ओळखता येणार’ अशा बातम्या अधूनमधून येतात, त्या कशा वाचाव्यात हेही त्याच्या चरित्रावरून समजते.

या प्रथिनाचा शोध एकदा नव्हे, चार वेळा लागला. १९७९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड सेंगर आणि सहकाऱ्यांना कर्करोगाच्या वळणावर गेलेल्या पेशी एक फॉस्फरसयुक्त प्रथिन बाहेर टाकताना दिसल्या. १९८६ मध्ये स्वीडनच्या हाइनगार्ड यांच्या गटाने हाडातल्या एका प्रथिनाची रचना उलगडली आणि त्याला ऑस्टिओपॉन्टिन हे नाव दिले. १९८९ मध्ये रोगप्रतिकारक टी-पेशींचा अभ्यास करणाऱ्यांना ते भेटले, १९९२ मध्ये लघवीत मुतखडा रोखणारा घटक शोधणाऱ्यांना. प्रत्येकाने आपापले नाव ठेवले. नंतर कळले की प्रथिन एकच आहे. आजही एखाद्या अहवालात किंवा शोधनिबंधात ‘एसपीपी-१’ असे दिसले तर ते याच प्रथिनाच्या जनुकाचे नाव असते. माणसात हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे.

एकाच रेणूला इतके उद्योग कसे जमतात? ऑस्टिओपॉन्टिन ही सुमारे ३१४ अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात आम्लधर्मी घटक इतके आहेत की कॅल्शियम दिसले की ती त्याला चिकटते. साखळीच्या मध्यभागी तीन अमिनो आम्लांचा एक छोटा आकडा आहे. पेशींच्या पृष्ठभागावरच्या इंटेग्रिन नावाच्या ग्राहकांत तो अडकतो आणि पेशीला ‘इथे चिकट’, ‘पुढे सरक’, ‘मरू नकोस’ असे निरोप देतो. रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन ही साखळी त्या आकड्याच्या जवळच कापते. कापल्यावर आतला आणखी एक आकडा उघडा पडतो आणि प्रथिनाची वागणूक पालटते. म्हणून ‘ऑस्टिओपॉन्टिन किती?’ एवढ्याच प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ते कोणत्या अवयवात आहे, अखंड आहे की कापलेले, भोवती कोणत्या पेशी आहेत, यावर सगळे ठरते.

त्याचे सर्वांत उपकारक काम मूत्रपिंडात चालते. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीत हे दोन्ही पदार्थ रोजच असतात, तरी प्रत्येकाला खडा होत नाही, कारण स्फटिक वाढू न देणारी काही प्रथिने लघवीतच हजर असतात. ऑस्टिओपॉन्टिन त्यांतले एक. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी उंदरांच्या लघवीतले ऑक्झलेट मुद्दाम वाढवले. साध्या उंदरांच्या मूत्रपिंडात काही झाले नाही. ज्यांच्यात ऑस्टिओपॉन्टिनचे जनुकच नव्हते, त्यांच्या मूत्रनलिकांत मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे थर साचले.

मग लघवीतले ऑस्टिओपॉन्टिन वाढवावे का? त्याचे औषध नाही. पण स्फटिकांना वाढायला वावच न ठेवण्याचा मार्ग आहे, आणि तो स्वस्त आहे: पाणी. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षे झालेल्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, तर एरवीसारखे पिणाऱ्यांत २७ टक्क्यांना. दिवसभरात किमान दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी, इतके पाणी प्यायचे. किती ग्लास प्यायलो हे मोजण्यापेक्षा लघवीचा रंग पाहणे सोपे; ती फिकट हवी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात शेतात, बांधकामावर किंवा भट्टीपाशी राबणाऱ्याचे बरेचसे पाणी घामावाटे जाते. त्याने शहरातल्या पंख्याखाली बसणाऱ्याचे माप लावून घेऊ नये. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र हा सल्ला स्वतःवर लागू करू नये.

मुतखडा झाला की घरातले पहिले फर्मान सुटते ते ‘दूध बंद’ असे. ते चुकीचे आहे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून टाकते, त्यामुळे ते रक्तात आणि पुढे लघवीत कमी उतरते. अमेरिकेत ४५ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत, आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडे कमी झाले. इटलीतल्याच दुसऱ्या अभ्यासात पुन्हा पुन्हा खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला आणि निम्म्यांना नेहमीइतके कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या १२ जणांना. तेव्हा दूध-दही चालू ठेवा आणि मिठाला हात आखडता घ्या: लोणचे, पापड, फरसाण, खारवलेली मासळी. अळू आणि पालक यांत ऑक्झलेट भरपूर असते. ज्याला असे खडे होतात त्याने अळूचे फदफदे रोज खाऊ नये. कधीतरी खाल्ले तर जेवणात दही-ताक असावे. लिंबातले सायट्रेटही स्फटिक रोखायला मदत करते, म्हणून लिंबू-पाणी चांगले, साखर-मीठ न घालता. कुळथाचे कढण प्यायला हरकत नाही, निदान तेवढे पाणी पोटात जाते. मात्र त्याच्या भरवशावर मोठा खडा अंगावर काढू नये. बिअरने खडा पडतो हा मित्रमंडळींचा वैद्यकीय सल्ला तर सोडूनच द्यावा. पडलेला खडा फेकू नका. प्रयोगशाळेत त्याची तपासणी होते आणि पुढचा आहार त्यावरच ठरतो. खड्याच्या कळांबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हाडात हेच प्रथिन दुहेरी भूमिका करते. हाडातल्या खनिजाला आणि जिवंत पेशींना ते जोडून ठेवते. पण जुने हाड खरवडून काढणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींनाही पाय रोवायला तेच लागते. प्रयोगशाळेतल्या उंदरिणींची बीजांडे काढली की रजोनिवृत्तीनंतरच्या बाईसारखी त्यांची हाडे झिजू लागतात; ऑस्टिओपॉन्टिन नसलेल्या उंदरिणींत ही झीज फारशी झाली नाही. शेपटीने वर उचलून मागच्या पायांवरचा भार काढून घेतलेल्या उंदरांतही तसेच दिसले. हाडावर भार नाही, हा निरोप झिजवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचण्यात या प्रथिनाचा हात असतो, एवढे यावरून म्हणता येते. अवकाशवीरांच्या मांडीच्या आणि कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते, ती भार नसल्यामुळेच.

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी यातून निघणारा सल्ला साधा आहे. अंथरुणात आणि आरामखुर्चीत जाणारे तास कमी करा. चालणे, जिने चढणे, आधार धरून खुर्चीतून उठबस करणे, झेपेल तेवढे वजन उचलणे, या सगळ्यांत हाडांवर भार येतो. पोहणे हृदयाला उत्तम, पण हाडांना त्याचा तेवढा लाभ नाही. रजोनिवृत्ती लवकर आलेल्या, साध्या पडण्याने मनगट मोडलेल्या किंवा बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्या बायकांनी डॉक्टरांना विचारून डेक्सा तपासणी करून घ्यावी. हाडांची घनता तिथेच मोजली जाते. रक्तातल्या ऑस्टिओपॉन्टिनवरून हाडांचे निदान कोणी करत नाही.

आता दुधाकडे. तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात हे प्रथिन प्रौढाच्या सात ते दहा पट असते, हे त्याच डॅनिश अभ्यासात दिसले. प्रौढाच्या अहवालात ज्या आकड्याने डॉक्टरांच्या कपाळावर आठी यावी, तो तान्ह्यात अगदी निरोगी असतो. चीनमध्ये झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बाळांना साधे शिशुदूध दिले आणि काहींना गाईच्या दुधातले ऑस्टिओपॉन्टिन मिसळलेले. प्रथिन मिसळलेल्या दुधावरच्या बाळांना तापाचे दिवस कमी आले आणि त्यांच्या रक्तातले प्रतिकारशक्तीचे काही निर्देशक आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांच्या जवळ गेले. २०२२ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने असे मिश्रण ठरावीक प्रमाणात सुरक्षित असल्याचे मत दिले.

इथे थोडे सावध राहायला हवे. सुरक्षित ठरणे वेगळे आणि आईच्या दुधाची बरोबरी करणे वेगळे. आईच्या दुधात ऑस्टिओपॉन्टिन एकटे नसते. लॅक्टोफेरिन, प्रतिपिंडे, जिवंत पेशी आणि बाळाच्या आतड्यातल्या जंतूंना पोसणाऱ्या खास शर्कराही त्यात असतात. त्यातला एक घटक डब्यात घालून त्याचे नाव वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापले, तरी बाकीचे घटक आत येत नाहीत. भारतात १९९२ चा शिशुदूध पर्यायविषयक कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांमुळे दोन वर्षांखालच्या बाळांसाठीच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे. त्यामुळे कोणी ‘नवे प्रथिनयुक्त’ डबे भेट देऊ लागला, तर त्याला नम्रपणे दार दाखवावे.

जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे. घट्ट पिवळसर चीक ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे, ती मोडावी. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही. नोकरीवर परतणाऱ्या आईने स्वच्छ झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवले, तर ते सर्वसाधारण तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. आपल्याकडच्या मे महिन्यात फ्रिजचाच आधार घ्यावा. आईला दूध येत नसेल किंवा बाळ मुदतीआधी जन्मले असेल, तर दुग्धपेढीची चौकशी करावी. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आणि काही आयांना काही कारणांनी डब्याचेच दूध द्यावे लागते. त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. उकळलेले पाणी, स्वच्छ वाटी-चमचा आणि डब्यावर लिहिलेले प्रमाण सांभाळावे. पावडर पुरवायची म्हणून दूध पातळ करणे हा खरा धोका आहे.

कर्करोगाच्या बाबतीत या प्रथिनाची बाजू वाईट आहे, आणि तिच्या अभ्यासात पुण्याचा मोठा वाटा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे गोपाल कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे याच रेणूचा माग काढला: स्तनाच्या आणि त्वचेच्या कर्करोगात तो पेशींना आतून कोणते इशारे देतो, भोवतालच्या ऊती विरघळवणारी विकरे कशी वाढतात, गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या वाहिन्या कशा फुटतात. कुंडू यांना २००४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. एरवी जखम भरताना पेशींना सरकायला मदत करणारी ही यंत्रणा गाठीच्या हाती पडली की तीच कर्करोगाला दूर पसरायला वाट करून देते.

गाठीबरोबर हे प्रथिन वाढते, तर रक्त तपासून कर्करोग लवकर पकडता येईल, हा विचार साहजिक होता. २००५ मध्ये हार्वे पास आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगावर असा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरावीक आकड्याच्या वर ऑस्टिओपॉन्टिन असेल तर रोग, असे धरले असता सुमारे ७८ टक्के रुग्ण पकडले गेले, आणि रोग नसलेल्यांपैकी सुमारे ८५.५ टक्क्यांना चाचणीने योग्यरीत्या वगळले. बातम्यांत हे मोठे यश ठरले. पण ते जनतेवर वापरून पाहा. रोगाची लक्षणे नसलेल्या हजार कामगारांची चाचणी केली, तर जवळपास १४५ जणांना ‘संशयित’ हा शिक्का बसेल. त्यांचे सीटी स्कॅन, सुईच्या तपासण्या, झोप उडालेल्या रात्री आणि खर्च वेगळा. हा रोग मुळात इतका विरळ आहे की या १४५ जणांसोबत खरा रुग्ण एखादाच निघेल किंवा निघणारही नाही. सात वर्षांनी त्याच संशोधकाने फायब्युलिन-३ हे दुसरे प्रथिन जास्त उपयुक्त दिसल्याचे मांडले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत सर्वसामान्यांनी करण्यासारखे याहून सोपे काही आहे: घरावरचे सिमेंटचे जुने पत्रे कोरडे कापू नयेत, घासू नयेत, फोडू नयेत. काढावेच लागले तर ओले करून, अखंड काढावेत.

डोक्या-मानेच्या कर्करोगातही असेच घडले. तंबाखूमुळे हा विषय आपल्या फार जवळचा आहे. एका डॅनिश चाचणीत, रक्तात ऑस्टिओपॉन्टिन जास्त असलेल्या रुग्णांना किरणोपचारासोबत दिलेल्या निमोराझोल या औषधाचा चांगला फायदा झाला. वेगळे औषध वापरणाऱ्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत या प्रथिनावरून काहीच ठरवता आले नाही. मोजणीतही अडचणी आहेत. रक्त गोठून सिरम तयार होताना थ्रॉम्बिन सक्रिय होते आणि हे प्रथिन कापते, म्हणून प्लाझ्मा आणि सिरम यांतले आकडे जुळत नाहीत. वेगवेगळ्या कंपन्यांचे तपासणी संच एकाच नमुन्यात वेगवेगळे आकडे दाखवतात. एका प्रयोगशाळेचा अहवाल दुसरीच्या शेजारी ठेवून ‘वाढले’ किंवा ‘उतरले’ असे म्हणता येत नाही ते यामुळे.

म्हणून ऑस्टिओपॉन्टिनची चाचणी स्वतःहून करून घेऊ नये. कोणी सुचवलीच तर एकच विचारावे: हा आकडा कमी आला किंवा जास्त आला, तर माझ्या उपचारात नेमके काय बदलणार? ठोस उत्तर मिळाले नाही तर तो पैसा स्तनांची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडाची तपासणी यांकडे वळवावा. तोंडातला पांढरा चट्टा पाहायला दंतवैद्याला दोन मिनिटे पुरतात.

मधुमेह आणि हृदयविकाराबद्दल थोडक्यात. पोटावर चरबी साचते तिथे दाहक पेशी गोळा होतात आणि ऑस्टिओपॉन्टिन त्यांना आवतण देते. लठ्ठ उंदरांत ते निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. माणसासाठी सध्या हाताशी आहे ते कंबरेला टेप लावणे: भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला, तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात मेंदूतल्या व्रणांत हे प्रथिन मुबलक असल्याचे २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवले. निदान मात्र लक्षणे आणि एमआरआय यांवरच होते.

हे प्रथिन रोखणारे औषध करून पाहिलेले नाही असे नाही. संधिवाताच्या रुग्णांवर एएसके-८००७ या प्रतिपिंडाची छोटी चाचणी झाली, २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष आले. औषध सोसवले, सांधे सुधारले नाहीत. उंदरात जे जमले ते माणसात जमले नाही, असा अनुभव वैद्यकात नवा नाही. उलट दिशेने, ते वाढवणाऱ्या गोळ्या किंवा पावडरीही प्रौढांना उपयोगी पडतात असा पुरावा नाही. संकेतस्थळावर ‘हाडांसाठी’ आणि ‘प्रतिकारशक्तीसाठी’ अशा नावांनी काही विकायला आले तर पाकीट बंदच राहू द्यावे.

संशोधन थांबलेले नाही. फुप्फुसे कडक होण्याच्या आजारात आणि यकृताच्या चट्ट्यांत एसपीपी-१ बनवणाऱ्या दाहक पेशींचा शोध सध्या जोरात आहे. त्यामुळे मोठ्या शिक्षण-रुग्णालयात एखाद्या रुग्णाला ‘संशोधनासाठी थोडे जास्त रक्त द्याल का?’ असे विचारले जाऊ शकते. द्यायला हरकत नाही. अशाच नमुन्यांतून वर सांगितलेली माहिती गोळा झाली आहे. मात्र सही करण्याआधी संमतीपत्र मराठीत मागून घ्यावे, नमुना किती वर्षे ठेवणार आणि निष्कर्ष आपल्याला कळणार का हे विचारावे. नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी चालू उपचारांत कसलीही कसर होता कामा नये, हा रुग्णाचा हक्क आहे.